बुद्धिबळात डावाची आखणी शिकायची तर मोठ्यांचे डाव असे अभ्यासा

रोज ऑनलाइन आठ-दहा ब्लिट्झ (काही मिनिटांत संपणारे) डाव खेळायचे, पझल्स सोडवायची, ओपनिंगचे व्हिडिओ बघायचे, आणि तरीही रेटिंग वर्षभर जिथल्या तिथेच. क्लबमध्ये आणि शालेय स्पर्धांच्या हॉलबाहेर ताटकळणाऱ्या पालकांमध्ये ही तक्रार कायम ऐकू येते. यातल्या बहुतेक खेळाडूंचे डावपेच काही वाईट नसतात. दोन चालींत मोहरं मिळत असेल तर ते त्यांना बरोबर दिसतं. गाडी अडते ती मिळण्यासारखं काही नसतं तेव्हा. पंधराव्या चालीला सगळी मोहरी बाहेर आलेली असतात, पट शांत असतो, आणि ‘आता करायचं काय?’ याला उत्तर नसतं. मग हत्ती उगाच शेजारच्या घरात जातो, एखादं प्यादं विनाकारण पुढे ढकललं जातं, आणि डाव हळूहळू हातातून सुटतो.

या प्रश्नाची उत्तरं मोठ्या खेळाडूंच्या डावांमध्ये आहेत. पण डाव नुसते क्लिक करत पाहिले तर ती हाती लागत नाहीत. एका बैठकीत वीस डाव सरसर पाहणाऱ्यापेक्षा आठवडाभर एकच डाव घेऊन बसणारा जास्त शिकतो, असं माझं ठाम मत आहे. अट एकच : पुढची चाल पाहण्याआधी स्वतःचं उत्तर तयार हवं. पुढची सगळी पद्धत या एका अटीवर उभी आहे.

घरांच्या नावांबद्दल आधी सांगतो. पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडे उभ्या ओळी ए ते एच, आणि पांढऱ्याच्या बाजूने मोजलेल्या आडव्या ओळी १ ते ८. पांढऱ्याचा राजा डावाच्या सुरुवातीला ई१ वर असतो. खाली तसंच लिहिलं आहे.

डाव कोणते निवडायचे

रेटिंग १५०० च्या आसपास किंवा त्याखाली असेल, तर आजच्या अव्वल ग्रँडमास्टरांच्या डावांपासून सुरुवात करू नका. त्यांच्या पहिल्या वीस-वीस चाली घरी संगणकावर तयार केलेल्या असतात. शिवाय दोघंही इतके तुल्यबळ असतात की एकाची योजना दुसरा वेळीच मोडून काढतो. आपल्याला हवा असतो तो योजना पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडत गेलेला डाव.

त्यासाठी जुने खेळाडू उत्तम. क्यूबाचा होजे राऊल कापाब्लांका १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेता होता. त्याच्या चाली साध्या दिसतात, त्यामागचा विचार शब्दांत सांगता येतो. हत्तींच्या अंत्य डावांसाठी (मोजकी मोहरी उरल्यावरच्या खेळासाठी) अकिबा रुबिन्स्टाईन घ्या. समोरच्याची मोहरी हळूहळू कोंडून जीव गुदमरवणारा खेळ पाहायचा असेल तर अनातोली कार्पोव्ह. यांतला एकच खेळाडू निवडा आणि दोन-तीन महिने त्याच्यासोबतच राहा. त्याच्या आवडीनिवडी, तो मारामारी (मोहऱ्यांची अदलाबदल) कधी स्वीकारतो आणि कधी टाळतो, हे कळायला तेवढा वेळ लागतोच.

शक्यतो शब्दांत टीपा असलेले डाव घ्या. नुसत्या पर्यायी चालींच्या लांबलचक रांगा सुरुवातीला उपयोगाच्या नसतात.

पहिली फेरी : लाकडी पट, दहा मिनिटं

डाव खऱ्या पटावर मांडा. हाताने मोहरं उचलून ठेवलं की वेग आपोआप कमी होतो, आणि स्पर्धेतही पट समोरच असतो. घरी पट नसेल तर मोबाइलवर चालेल, पण इंजिन (चालींचं मूल्यांकन करणारा प्रोग्राम) बंद ठेवा. शेजारी तो आकड्यांचा पट्टा वरखाली होत असेल तर डोकं विचार करणं सोडून देतं.

या फेरीत कुठेही अडू नका. डाव शेवटपर्यंत खेळून घ्या आणि वहीत एका-दोन वाक्यांत त्याची गोष्ट लिहा. उदाहरणार्थ : ‘पांढऱ्याने एच ओळ उघडली, हत्ती सातव्या ओळीत घातला आणि राजा पुढे नेऊन जिंकला.’ गोष्ट चुकीची असली तरी बिघडत नाही. आठवड्याच्या शेवटी ती दुरुस्त करायचीच आहे.

दुसरी फेरी : चाल झाका, आपली लिहा

आता जिंकणाऱ्याच्या बाजूने बसा. चालींवर कागद ठेवा आणि साधारण दहाव्या-बाराव्या चालीपासून प्रत्येक वेळी आपली चाल ठरवा, मगच कागद खाली सरकवा. साध्या चालींना अर्धा-एक मिनिट पुरे. डाव वळतो तिथे मात्र दहा मिनिटं द्यावी लागली तरी द्या.

डाव वळतो कुठे, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. प्याद्यांची रचना बदलते, म्हणजे एखादी ओळ उघडते किंवा मधली प्यादी अडकून बसतात. मोठ्या मोहऱ्यांची मारामारी होते, विशेषतः वजीर पटावरून जातात. कोणीतरी प्यादं किंवा मोहरं फुकट देतं. आणि चौथी खूण सगळ्यात सोपी : जी चाल पाहून तुम्हाला आश्चर्य वाटलं, ती.

अशा जागी थांबलात की चार गोष्टी तपासा. दोघांपैकी कोणाचा राजा जास्त उघडा आहे? कुठली प्यादी कमजोर आहेत आणि त्यांच्यावर हल्ला करता येईल का? माझं सगळ्यात निकामी मोहरं कोणतं आणि ते कुठे जायला हवं? आणि समोरच्याला आत्ता काय करायचं आहे? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. माझ्या मते पहिला मान त्याचाच.

एक डाव जवळून : न्यूयॉर्क, १९२४

कापाब्लांका विरुद्ध सावेली टार्टाकोवर, न्यूयॉर्कची १९२४ ची स्पर्धा. कापाब्लांका पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळला, काळ्याने डच बचाव नावाची ओपनिंग निवडली. इंटरनेटवरच्या बहुतेक डाव-संग्रहांत हा डाव मिळतो. पूर्ण डाव काढून घ्या. इथे मी दोनच वळणं दाखवतो.

पहिलं वळण २६ व्या चालीनंतरचं. वजीर आणि हत्तींची एक जोडी मारली गेली आहे. पटावर ही मोहरी मांडा.

पांढरा : राजा जी२, हत्ती ए१, उंट डी३, प्यादी ए४, सी३, डी४, एफ४, जी३, एच४.
काळा : राजा ई८, हत्ती एफ७, घोडा ए५, प्यादी ए७, बी६, सी७, डी५, जी६, एच७.

चाल पांढऱ्याची. चार प्रश्न विचारून पाहा. पांढऱ्याची ए४ आणि सी३ ही प्यादी सुटी आणि कमजोर आहेत, दुसऱ्या प्याद्याचा आधार त्यांना मिळणार नाही. काळा घोडा सी४ वर आला की त्याला तिथून हुसकावणं अवघड. नुसत्या कमजोऱ्या मोजल्या तर काळ्याचं बरं चाललंय असं वाटेल, आणि ‘सी३ कसं सांभाळू?’ या विचारात पांढरा बचावाला बसेल. आता दुसरीकडे पाहा. पांढऱ्याचा उंट डी३ वरून थेट जी६ वर रोखलेला आहे. काळा घोडा पटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. म्हणजे राजाच्या बाजूला पांढऱ्याचं एक मोहरं जास्त काम करतंय.

कापाब्लांकाने प्यादं एच५ वर ढकललं. त्यानंतर एच ओळ उघडली, त्याचा हत्ती एच१ वर आला आणि ३० व्या चालीला एच७ वर, म्हणजे सातव्या ओळीत जाऊन बसला. आता डाव थोडा मागे न्या. २२ व्या चालीला त्याने राजा जी२ वर नेला होता आणि २३ व्या चालीला एच४ खेळला होता, तेही वजीर पटावर असताना. राजा जी२ वर गेल्यामुळेच एच१ हे घर हत्तीसाठी मोकळं झालं. मागे जाऊन योजनेचं बी कुठे पेरलं गेलं ते शोधणं हा अभ्यासाचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. हे एकदा पाहिलं की आपल्या डावातही ‘पाच चालींनंतर माझा हत्ती कुठे हवा?’ असा प्रश्न पडू लागतो.

दुसरं वळण ३४ व्या चालीनंतरचं. दरम्यान उंट आणि घोड्याची मारामारी झाली आहे.

पांढरा : राजा एफ३, हत्ती एच७, प्यादी ए४, सी३, डी४, एफ४, जी५.
काळा : राजा एफ८, हत्ती सी६, प्यादी ए७, बी६, सी७, डी५, एफ५.

प्यादी पाच-पाच, हत्ती एक-एक. काळा आता सी३ चं प्यादं शह देऊन मारणार आहे. इथे थांबा, पुढचा मजकूर झाका आणि खरोखर दहा मिनिटं बसा.

३५ व्या चालीला कापाब्लांकाने राजा जी३ वर नेला. सी३ वाचवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. काळ्या हत्तीने सी३ मारून शह दिला, राजा एच४ वर गेला. काळा हत्ती एफ३ वर येऊन एफ४ च्या प्याद्यावर टपला, तर पांढऱ्याने तेही सोडून प्यादं जी६ वर ढकललं. हत्तीने एफ४ मारून पुन्हा शह दिला, राजा जी५ वर. हत्ती ई४ वर सरकला आणि ३९ व्या चालीला राजा एफ६ वर पोचला.

पांढऱ्याची दोन प्यादी कमी आहेत, तरी डाव त्याने जिंकलेला आहे. एच८ वर हत्ती नेऊन मात करण्याची धमकी आहे, कारण काळ्या राजाची ई७, एफ७, जी७ ही घरं पांढऱ्या राजाने अडवली आहेत. आणखी एक बारीक गोष्ट पाहा. ३९ व्या चालीला राजाला एफ५ चं काळं प्यादं मारता आलं असतं. त्याने ते मारलं नाही. ते प्यादं तिथे असल्यामुळे काळ्या हत्तीला एफ ओळीतून खालून शह देता येत नाही. शत्रूचंच प्यादं राजाची ढाल झालं. पुढे काळा हत्ती ई८ वर बचावाला जाऊन बसला, तेव्हा ४२ व्या चालीला राजाने ते सावकाश उचललं. पांढऱ्या हत्तीने सी७ आणि ए७, राजाने डी५ असं एकेक प्यादं परत मिळवलं आणि ५२ व्या चालीनंतर टार्टाकोवरने डाव सोडला.

या डावातून ‘अंत्य डावात राजा पुढे न्या’ एवढं वाक्य पाठ करून भागणार नाही, ते सगळ्यांनाच माहीत असतं. दोन प्यादी गमावूनही राजा पुढे न्यायचा हे ठरवताना कशाची मोजदाद केली, ते समजून घ्या : हत्ती सातव्या ओळीत, समोरचा राजा शेवटच्या ओळीत अडकलेला, आणि जी ओळीतलं आपलं प्यादं अडवायला समोर एकही प्यादं नाही. या तीन गोष्टी एकत्र असल्या तर प्याद्यांचा हिशेब मागे पडतो. यातली एक कमी असती तर हाच बळी अंगाशी आला असता. खात्री करायची असेल तर काळा राजा एफ८ ऐवजी ई६ वर ठेवून तीच चाल खेळून पाहा.

मारामारीच्या जागा वेगळ्या काढा

व्यूहरचनेत सगळ्यात जास्त चुका मोहऱ्यांच्या अदलाबदलीत होतात. समोरच्याने मारलं म्हणून आपण मारतो, किंवा सारख्या किमतीचं आहे म्हणून मारून टाकतो. म्हणून प्रत्येक डावात मारामारीच्या सगळ्या जागांवर खूण करा आणि एकच विचारा : पटावर उरलं काय? गेलं काय, हे त्यानंतर.

वरच्याच डावात ३४ व्या चालीला कापाब्लांकाने आपला चांगला उंट देऊन एफ५ वरचा घोडा मारला. काळ्याला जी६ च्या प्याद्याने मारावं लागलं, आणि तेवढ्याने पांढऱ्याच्या जी प्याद्याचा रस्ता मोकळा झाला.

याच विषयावरचा दुसरा डाव म्हणजे बॉबी फिशर विरुद्ध तिग्रान पेट्रोसियान, ब्युनोस आयर्स, १९७१, त्यांच्या सामन्यातला सातवा डाव. फिशरचा घोडा सी५ वर इतका सुरेख बसला होता की तो हलवायचं कोणाच्या मनातही येणार नाही. २२ व्या चालीला त्याने तोच घोडा देऊन डी७ वरचा काळ्याचा बापुडा दिसणारा उंट मारला. तो उंट काळ्याचा बचाव धरून होता. तो गेल्यावर सी ओळ फिशरच्या हत्तीसाठी मोकळी झाली आणि डाव ३४ चालींत आटोपला. हा डाव पाहताना २१ व्या चालीनंतर थांबा आणि आपली चाल लिहून ठेवा. बहुतेकांच्या यादीत घोड्याने उंट मारणं नसतंच.

उलट, मारामारी टाळण्याचा धडा कार्पोव्ह–उनझिकर या १९७४ च्या नीस ऑलिम्पियाडमधल्या डावात आहे. ए ओळ उघडी, दोघांचे हत्ती समोरासमोर. २४ व्या चालीला कार्पोव्हने उंट ए७ वर नेऊन ती ओळच बंद केली. हत्तींची मारामारी टळली, उंटाच्या आडोशाला त्याने आपले हत्ती निवांत लावून घेतले, आणि ओळ पुन्हा उघडायची तर ती कधी, हे त्याच्या हातात राहिलं.

इंजिन सगळ्यात शेवटी

स्वतःचं सगळं लिहून झालं की मगच स्टॉकफिश हे इंजिन लावा. लिचेस या संकेतस्थळावर डावाची पीजीएन (चालींची मजकूर-नोंद) चिकटवली की विश्लेषण फुकटात मिळतं, आणि तिथल्या ‘स्टडी’ या सोयीत प्रत्येक डावाचं वेगळं प्रकरण करून टीपा जपून ठेवता येतात.

इंजिन वाचायचंही एक तंत्र आहे. ०.२ आणि ०.४ अशा किरकोळ फरकाच्या मागे लागू नका. आपल्या पातळीवर त्याला काही अर्थ नाही. तुमच्या चालीने मूल्यांकन एका प्याद्याहून जास्त घसरत असेल, तर मात्र कारण शोधाच. ते शोधण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे ती जागा घेऊन इंजिनविरुद्ध तुमची चाल खेळून पाहणं. तीन-चार चालींत शिक्षा कुठून येते ते दिसतं. एकदा कारण शब्दांत लिहिता आलं की इंजिन बंद करा.

वही

वहीवर मी भर देतो, कारण न लिहिलेला अभ्यास पंधरा दिवसांत उडून जातो. प्रत्येक वळणासाठी चार ओळी पुरेत. नमुना असा :

‘कापाब्लांका–टार्टाकोवर, १९२४, ३५ वी चाल. माझी चाल : राजा ई२, सी३ च्या जवळ जाण्यासाठी. त्याची चाल : राजा जी३. फरक : मी प्यादी मोजली, त्याने राजाचा रस्ता मोजला.’

‘फरक’ ही ओळ कधीही वगळू नका. सात-आठ डाव झाले की या ओळी सलग वाचा. तुमच्या विचारातली एकच खोड तिथे पुन्हा पुन्हा दिसेल : कोणी सारखं बचावाला जातं, कोणी प्यादी फार लवकर ढकलतं, कोणाला वजिरांची मारामारी नको असते. पुढचे डाव कोणते घ्यायचे हे त्या खोडीवरून ठरवा. बचावाला जाणाऱ्याने मोहऱ्यांची हालचाल प्याद्यांहून मोलाची मानणारे डाव घ्यावेत. मारामारीला घाबरणाऱ्याने कापाब्लांकाचे अंत्य डाव घ्यावेत.

स्वतःचे डाव, त्याच पद्धतीने

मिखाईल बॉटविनिक या सोव्हिएत जगज्जेत्याचा स्वतःच्या डावांचं विश्लेषण करण्यावर कटाक्ष होता. ते लिहावं आणि इतरांना तपासू द्यावं, असं तो सांगत असे. आपणही तेच करायचं. स्पर्धेतून घरी आल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, स्कोअरशीट समोर ठेवून आठवेल तेवढं लिहा : कुठे काय वाटत होतं, कशाची भीती वाटली, घड्याळात किती वेळ होता. इंजिन लावल्यानंतर हे आठवत नाही. त्याचं उत्तर पाहिल्यावर ‘मला ते सुचलंच होतं’ असं वाटू लागतं.

हरलेले डाव आधी घ्या, आणि त्यातही हळूहळू हरलेले. एका घोडचुकीत वजीर गेला असेल, तर त्यातून व्यूहरचनेचं फारसं काही मिळत नाही.

मग दोन्ही अभ्यास जोडा. तुमच्या हरलेल्या डावात प्याद्यांची जी रचना होती, तीच रचना असलेला एखाद्या मोठ्या खेळाडूचा डाव शोधा. वजिराकडच्या बाजूला दोन प्यादी सुटी पडून हरला असाल, तर वरचाच डाव घ्या, तिथे पांढऱ्याची अवस्था तीच होती. तोच प्रश्न आपण कसा सोडवला आणि त्याने कसा, हे शेजारी शेजारी दिसलं की ते पक्कं डोक्यात बसतं.

आजच्या डावांचा उपयोगही इथे होतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोनेरू हंपीला हरवलं, ते जलद टायब्रेकमध्ये (बरोबरीनंतरच्या कमी वेळेच्या डावांत). घड्याळ संपत आलेलं असताना अव्वल खेळाडूंच्याही चाली कशा डळमळतात आणि कोण कुठे टिकून राहतं, हे पाहायला तो टायब्रेक घ्या. आखणी शिकायला मात्र त्याआधीचे, पूर्ण वेळेचे शांत डाव बरे.

आठवड्याचं गणित

नोकरी किंवा शाळा सांभाळून हे जमायला हवं. सोमवारी पहिली फेरी आणि डावाची गोष्ट. मंगळवार-बुधवार चाली झाकून दुसरी फेरी, रोज अर्धा-पाऊण तास. गुरुवारी फक्त वळणांवर विचार, पर्यायी चाली हाताने खेळून पाहणं. शुक्रवारी इंजिन आणि वही. शनिवार-रविवार एक लांब डाव खेळा, किमान अर्ध्या-अर्ध्या तासाचा, आणि तो त्याच वहीत नोंदवा. ब्लिट्झ पूर्ण बंद करायची गरज नाही, पण अभ्यासाच्या दिवशी अभ्यासाआधी खेळू नका. त्या वेगाची सवय लागली की दहा मिनिटं एका जागी बसवत नाही.

घरात किंवा क्लबमध्ये जोडीदार मिळाला तर फारच छान. एकाने डाव माहीत करून घ्यायचा, दुसऱ्याने चाली ओळखायच्या, आणि पुढची चाल दाखवण्याआधी दोघांनी पाच मिनिटं वाद घालायचा. लहान मुलांना शिकवणाऱ्या पालकांनी एवढं सांभाळावं : मुलाची चाल चुकली तरी लगेच खरी चाल सांगू नये, ‘ही का खेळलास?’ असं विचारून त्याचं पूर्ण ऐकून घ्यावं.

पहिल्या महिन्यासाठी चार डाव इथेच ठरवून देतो. पहिल्या आठवड्यात कापाब्लांका–टार्टाकोवर, दुसऱ्यात फिशर–पेट्रोसियान, तिसऱ्यात कार्पोव्ह–उनझिकर. चौथ्या आठवड्यात तुमचा स्वतःचा, सगळ्यात सावकाश हरलेला डाव.